पडदा मागवण्याआधी खालची कड ठरवा

होम थिएटरचा पडदा घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती इंची घेऊ?’ घोटाळा तिथूनच सुरू होतो. किती इंची (म्हणजे चित्राचा कर्ण) ते नंतर. आधी ठरवा की चित्राची खालची कड जमिनीपासून किती उंचीवर येणार. टेप घ्या आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. ती रेघ मारल्याशिवाय कोटेशन मागवू नका आणि पीओपीवाल्याला तर घरातच घेऊ नका. हे एकदा चुकवून झालंय, आणि चुकल्यावर ते धड दुरुस्त होत नाही. म्हणून पुढे ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

सोफ्यावर रोज बसता तसं रेलून बसा. घरातल्या कुणालातरी डोळ्यांची उंची मोजायला सांगा. बहुतेकांची ३८ ते ४२ इंच भरते. नजर चित्राच्या खालच्या एक तृतीयांश भागात कुठेतरी पडावी, म्हणजे मान अवघडत नाही. आता हिशेब. १०० इंची १६:९ (रुंदी १६ भाग, उंची ९) चित्र ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असतं. खालची कड २८ इंचावर धरा, कारण खाली कॅबिनेट आणि सेंटर स्पीकर येणारच. म्हणजे वरची कड ७७ इंचावर. फॉल्स सीलिंग झाल्यावर छत ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंच. मधले ३१ इंच उरले ते कशाने भरणार? काळ्या कापडाने. त्यालाच ब्लॅक ड्रॉप म्हणतात, आणि मोटराइज्ड पडदा मागवताना तो आकडा आपणच सांगायचा असतो. दुकानदार आपणहून विचारेल या भरवशावर राहू नका.

नाही सांगितला तर काय होतं? तयार मालात ड्रॉप बऱ्याचदा फूटभर असतो, कधी त्याहूनही कमी. छताच्या खोबणीतून फूटभर काळं उतरतं आणि लगेच चित्र सुरू होतं. मग चित्राची खालची कड येते ४७ इंचावर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा सात इंच वर. अख्खं चित्रच डोक्यावर. पहिल्या रांगेचं तिकीट काढून तीन तास मान वर करून बसावं तसं, आणि ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने. इन्स्टॉलर म्हणतो, ‘लिमिट सेट करून खाली घेऊ.’ लिमिट म्हणजे मोटर कुठे थांबायची ती जागा. तिचा स्क्रू फिरवून कापड वाढत नाही. रोलरवर जेवढं गुंडाळलंय तेवढंच उतरणार. मग उरतात दोनच मार्ग: अख्खी केस (पडदा गुंडाळलेली पेटी) थ्रेडेड रॉडवर दीड फूट खाली लोंबकळत ठेवा किंवा कापड नव्याने करून घ्या. पहिला दिसायला भयानक, दुसरा खिशाला.

म्हणून रेघ मारली की भिंतीवर जुने पेपर चिकटवून चित्राच्या मापाचा चौकोन करा आणि दोन संध्याकाळी समोर बसून बघा. चिकटवायला मास्किंग टेप घ्या, साध्या टेपने रंग उखडतो. साइझचा प्रश्नही इथेच सुटतो. चित्राने डोळ्यांसमोर साधारण ३० ते ४० अंशांचा कोन भरावा असा दंडक आहे. १०० इंचीला तो १० ते साडेतेरा फुटांवर मिळतो, १२० इंचीला १२ ते सव्वासोळा फुटांवर. फ्लॅटच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकवूनही अकरा फूट मिळत असतील तर १२० इंचीचा हट्ट सोडा. शेजाऱ्याकडे आहे हे कारण धरत नाहीत.

आणि १२० इंचीच्या चित्राची उंची ५९ इंच. खालची कड २८ वर तर वरची ८७ वर. ड्रॉप किती हवा? २१ इंच. साइझ बदलली की ड्रॉप बदलतो. पुन्हा मोजा.

आता प्रोजेक्टर. तो आधी ठरलेला हवा, पडदा नंतर. उलटं केलं की दोन्ही चुकतं. कागदपत्रात थ्रो रेशो बघा: लेन्सपासून पडद्याचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२ ते १.५ असेल तर १०० इंचीसाठी लेन्स पडद्यापासून पावणेनऊ ते अकरा फुटांत हवी. झूमच्या अगदी टोकावर बसवू नका, सहा इंच तरी इकडेतिकडे जागा ठेवा. त्याहून महत्त्वाचा ऑफसेट, म्हणजे लेन्सच्या किती वर किंवा खाली चित्र पडतं ते, आणि तो कुणी बघत नाही. बऱ्याच डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरना लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय) नसतो किंवा नावापुरता असतो. छताला उलटा टांगल्यावर चित्राची वरची कड लेन्सच्या ठरावीक अंतर खाली पडते. ११० टक्के ऑफसेट म्हणजे चित्राच्या उंचीच्या दहा टक्के, १०० इंचीला साधारण ५ इंच. तुमची वरची कड ७७ वर असेल तर लेन्स ८२ वर हवी. म्हणजे ९ फुटी छतापासून सव्वादोन फुटांचा पाइप. इथेही सगळं सुरू होतं ते खालच्या कडेच्या रेघेपासून. ‘कीस्टोनने करू अ‍ॅडजस्ट’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. कीस्टोन चित्र सरकवत नाही, दाबून काटकोनात बसवतो. त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. उभा लेन्स शिफ्ट असलेला प्रोजेक्टर असेल तर पाइप आखूड चालतो.

पण मग पंखा आडवा येतो. हा आपल्याकडचा खास प्रश्न, परदेशी कॅल्क्युलेटरांत तो सापडणार नाही. जिथे लेन्स येणार तिथून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणा. पंखा हाताने फिरवा. पात्याचं टोक सुतळीला लागलं, किंवा दोन-तीन इंचांवरून गेलं, तर पंखा हलवायचा किंवा काढायचा. पात्याची सावली चित्रात लुकलुकते आणि ती एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही.

एसीचा झोतही बघून घ्या. पडद्याच्या भिंतीला घासून वारा जात असेल तर साधा पडदा झुलतो. तिथून पुढचा निर्णय निघतो: फिक्स्ड फ्रेम की मोटराइज्ड. खोली फक्त सिनेमासाठी असेल तर विचार करू नका, फिक्स्ड फ्रेम घ्या. कापड चारी बाजूंनी ताणलेलं, कडेला काळं वेल्व्हेट, मोटर नाही, बिघाड नाही, त्याच पैशात जास्त चांगलं कापड. ड्रॉपचं झंझटही नाही (खालच्या कडेची रेघ मात्र आहेच, हुक त्यावरूनच मोजायचे). दिवाणखाना असेल, मागे टीव्ही असेल, तर मोटराइज्ड. त्यातही टॅब-टेन्शन घ्या. दोन्ही कडांना दोऱ्या असतात आणि त्या कापड बाजूंना ओढून ठेवतात. बिनटेन्शनचा पडदा पहिलं वर्ष सरळ राहतो, मग वरून खाली व्ही आकाराच्या लाटा पडायला लागतात. स्थिर चित्रात कळत नाही. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे फिरला की सीमारेषा पाण्यातल्यासारखी वाकत जाते, आणि मग प्रत्येक ओव्हरला तेच बघत बसता.

मागे टीव्ही असेल तर तो ब्रॅकेटसकट भिंतीपासून किती पुढे येतो ते मोजा, साउंडबारही. तळपट्टी त्यावर घासता कामा नये, दोन इंच मोकळे ठेवा. केस तेवढी पुढे घ्यावी लागते, म्हणजे खोबणीही पुढे, म्हणजे पीओपीवाल्याला आधी सांगायला हवं. केसचं वजन स्लॅबमध्ये अँकर मारून पेलायचं, जिप्समच्या पाट्यावर किंवा त्याच्या पत्र्याच्या चौकटीवर नाही. खोबणीला उघडता येईल अशी फळी ठेवा. पाच वर्षांनी मोटर गेली तर सीलिंग फोडावं लागू नये.

केसची लांबी. चित्राची रुंदी म्हणजे केसची लांबी नव्हे. दोन्ही बाजूंची काळी पट्टी, टॅबच्या दोऱ्या, मोटर, टोकाच्या टोप्या धरून १०० इंचीची केस शंभर इंचांच्या पुढे जाते आणि १२० इंचीची दहा फुटांच्या आसपास. ती अखंड येते. लिफ्टमध्ये उभी मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते. सातव्या मजल्यावर राहत असाल तर खोक्याचं माप विचारून जिना आधी मोजा. फिक्स्ड फ्रेम सुट्या तुकड्यांत येते, तिला ही अडचण नाही.

कापडाबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं, खरं तर कमी लागतं. पूर्ण अंधार करता येणारी खोली असेल तर मॅट व्हाइट, गेन (पडदा किती उजेड परत फेकतो तो आकडा) १.०. झालं. उजेडाचा हिशेब हवा असेल तर लुमेन (प्रोजेक्टरचा उजेड) गुणिले गेन भागिले चित्राचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, उत्तर फूट-लॅम्बर्टमध्ये (पडद्याच्या उजळपणाचं एकक). डिजिटल सिनेमासाठी १४ हे प्रमाण धरतात. १०० इंचीचं क्षेत्रफळ जवळपास ३० चौरस फूट. सिनेमा मोडमध्ये खरे १००० लुमेन मिळाले तरी ३३ येतात, म्हणजे भरपूर. खोक्यावरच्या आकड्यातून सिनेमा मोडमध्ये बऱ्याचदा निम्मेच हाती लागतात, तो फरक धरा. एएनएसआय लुमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) न लिहिता नुसतेच ‘९००० लुमेन’ छापलेल्या स्वस्त डब्यांचं गणित करू नका. उजेड पुरून उरत असेल आणि भिंती पांढऱ्या असतील तर ०.८ गेनचा ग्रे. काळा रंग जरा काळा दिसतो. दीडच्या वरच्या गेनच्या मोहात पडू नका: मधे उजळ डाग, कडेला बसलेल्याला अंधार. त्यापेक्षा पडद्यासमोरच्या तीन-चार फूट छताला गडद मॅट रंग द्या. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावरून परत पडद्यावरच पडतो, तो थांबतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आणि ती कुणी करत नाही.

दिवसा बघायचं असेल तर एएलआर, म्हणजे खोलीतला इतर उजेड टाळणारं कापड. पण कुठला? अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीच्या (पडद्याखाली अगदी जवळ ठेवायच्या प्रोजेक्टरसाठीच्या) एएलआरवर बारीक आडवे दाते असतात. खालून आलेला उजेड ते प्रेक्षकाकडे फेकतात आणि वरून आलेला गिळतात. छताला टांगलेला प्रोजेक्टर त्यावर मारला तर तो तुमचंच चित्र गिळेल. छताच्या प्रोजेक्टरसाठी वेगळं एएलआर येतं आणि त्याला थ्रोही लांब लागतो, जवळून मारलं की मधे डाग. अल्ट्रा शॉर्ट थ्रो घेत असाल तर पडदा आरशासारखा सपाट हवा, साधा ओढायचा पडदा चालणार नाही. तिथे खालची कड कॅबिनेटच्या उंचीवरून आणि प्रोजेक्टरसोबतच्या तक्त्यावरून ठरते. कॅबिनेट आधी आणा. आधी म्हणजे आधी.

स्पीकर पडद्यामागे ठेवायचे असतील तर विणलेलं ध्वनिपारदर्शक कापड आणि मागे काळं अस्तर. भोकं पाडलेल्या कापडावर जवळ बसल्यावर पिक्सेल आणि भोकांचं जाळं एकमेकांत अडकून नक्षी दिसते. नमुन्याचा तुकडा मागवून स्वतःच्या प्रोजेक्टरखाली बघा.

१६:९ की २.३५ (रुंद सिनेमाचं प्रमाण)? १६:९. क्रिकेट, मालिका, ओटीटी सगळं त्यातच बसतं. रुंद सिनेमाला वर-खाली सहा-सहा इंच काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत.

ऑर्डर लिहून द्या, फोनवर नको. चित्राची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये, नुसतं ‘१०० इंची’ नाही. काळ्या पट्टीसकट की पट्टी सोडून, तेही लिहा. मोटर डावीकडे की उजवीकडे, समोरून बघताना. ब्लॅक ड्रॉप किती, आणि ‘चित्राची खालची कड जमिनीपासून अमुक इंच’ हे वाक्य स्वतंत्र ओळीत. ड्रॉइंग मागवा, त्यावर तोच आकडा आहे का बघा, मगच अ‍ॅडव्हान्स. पुन्हा सांगतो: ड्रॉइंगवर बघा. कोटेशनवर नव्हे.

इलेक्ट्रिशियनला: मोटरच्या बाजूला खोबणीत २३० व्होल्टचा पॉइंट, स्विच खाली हाताशी. प्रोजेक्टरजवळ दुसरा पॉइंट. एचडीएमआयसाठी रुंद कंड्युइट, तार बदलता येईल अशी. १२ व्होल्ट ट्रिगर (प्रोजेक्टर सुरू झाला की पडदा आपोआप उतरवणारा इशारा) हवा असेल तर त्याची तारही आत्ताच.

बसवताना लेव्हल लावा. सिपोरेक्सच्या (हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधा प्लग सैल होतो, त्याचाच अँकर वापरा. मोटर सारखी वर-खाली करून दाखवू नका, चारेक मिनिटं सलग चालली की गरम होऊन आपोआप बंद पडते. बिघडलेली नसते, थंड होऊ द्या. कापडाला हात लावायचा तर सुती हातमोजे घाला. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, कापडामागे बुरशी धरते. पावसाळ्यात मोटराइज्ड पडदा अधूनमधून उघडून ठेवा. काचेचा स्प्रे मारू नका, मऊ कोरडं कापड, फार तर किंचित ओलं. संध्याकाळी पडदा खाली राहिला तर उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे पाल. तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.