गाईड व्हायचंय? आधी लेण्यांचे नंबर विसरा

पुण्याहून अजिंठा-वेरूळच्या टूर काढणारे भरपूर आहेत आणि दिवाळीच्या आधी त्यांना माणसं कमी पडतात. त्यामुळे पहिलं काम मिळणं फारसं कठीण नाही. पुढच्या सीझनला त्याच माणसाचा परत फोन यावा, हे कठीण. माझ्याबरोबर सुरुवात केलेले बरेच जण आता बँकेत नाहीतर आयटीत आहेत आणि सुखात आहेत. मी अजून इथेच आहे आणि अजूनही वेरूळच्या आदल्या रात्री लॉजवर वही उघडून बसते. तेव्हा हे कुणा तज्ज्ञाचं मार्गदर्शन समजू नका.

चैत्य कशाला म्हणतात, विहार कशाला, वाकाटक कोण, राष्ट्रकूट कोण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर आधी ते करून या, त्याला काही पर्याय नाही.

परवान्याचं पटकन सांगते. टूर लीडर म्हणजे बस, खोल्या, जेवण आणि माणसं मोजणं. गाईड म्हणजे स्मारकात उभं राहून माहिती सांगणारा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन गाईडचं काम करायचं तर परवाना लागतो. टूरवाला म्हणतो, "तूच सांग गं, कोण बघतंय!" दारावरचा माणूस बघतो, आणि सगळ्या ग्रुपसमोर बाजूला घेतो. परवाना हातात येईपर्यंत जे सांगायचं ते बसमध्ये सांगा, आत स्थानिक गाईड घ्या आणि त्याच्या मागे उभं राहून ऐका. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन टुरिस्ट फॅसिलिटेटर कोर्स आहे, तोही करून ठेवा. फार काही शिकवत नाही, पण कागद लागतो.

आता मुद्द्याचं.

अजिंठ्याला पायऱ्या चढून वर गेलं की पहिलं लागतं ते १ नंबरचं लेणं. मग २, मग पुढची. नवा गाईड घरून पाठ केलेला इतिहास या नंबरांवरच बेतत जातो. १ म्हणजे सुरुवात आणि २६ म्हणजे शेवट असं तो तोंडाने कधीच म्हणत नाही. पण बोलताना "सुरुवातीला", "त्यानंतर", "पुढच्या काळात" हे शब्द सुटत राहतात आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते की आपण काळाच्या क्रमाने चाललो आहोत. प्रत्यक्षात हे नंबर म्हणजे वाघोरा नदीच्या वळणावरच्या कड्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे केलेली निव्वळ मोजणी. सगळ्यात जुनी लेणी, ९ आणि १० नंबरची, वळणाच्या मधल्या भागात आहेत, इसवी सनाच्या आधीच्या शतकांतली. पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्राचं १ नंबर पाचव्या शतकातलं, म्हणजे दहापेक्षा पाच-सहाशे वर्षांनी धाकटं!

पुरावा हवा असेल तर '१५अ' ही पाटी शोधा. नंबर देऊन झाल्यावर एक छोटं लेणं सापडलं, मग त्याला 'अ' लावून मध्ये कोंबलं. किंवा १६ नंबरच्या पायथ्याशी जा. दाराच्या दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत, जिन्याच्या वळणावर नागराजा बसलाय आणि जिना खालून, नदीकडून येतो. त्या काळी आजच्यासारखी सगळ्या लेण्यांसमोरून जाणारी सलग वाट नव्हती, लेण्यालेण्यातून पायऱ्या नदीत उतरत. ज्या क्रमाने आपण आज चालतो, त्या क्रमाने त्या काळातलं कुणी चाललेलंच नाही.

इतकं ताणून का सांगतेय? तर दहाच्या दारात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला विचारलं होतं, "अहो, मघाशी इतक्या सुंदर मूर्ती झाल्या, इतकी चित्रं झाली, आणि इथे तर नुसता साधा स्तूप. मग कला मागे गेली का?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. खरं उत्तर सोपं आहे. दहा नंबर खोदलं तेव्हा बुद्धाची मूर्ती करायची पद्धतच नव्हती, स्तूप हेच पूजेचं स्थान. १९ आणि २६ या नंतरच्या चैत्यांत स्तूपाच्या पोटातच बुद्ध येतो. हे दोन स्तूप एकामागे एक दाखवले की चौथीतल्या मुलालाही कळतं. पण त्यासाठी तुमच्या स्वतःच्या डोक्यात नंबर आणि काळ वेगळे झालेले असायला हवेत.

वेरूळला हा सापळा जास्त वाईट. तिथली मांडणी इतकी नीटस आहे की कुणीही फसावं: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. मग सगळेच म्हणतात, आधी बौद्ध आले, मग हिंदू, मग जैन. जैन लेणी बरीचशी उशिराची, हे बरोबर. पण आज बरेच अभ्यासक मानतात की वेरूळचं खोदकाम सहाव्या शतकात, कलचुरी राजांच्या काळात, शैव लेण्यांपासून सुरू झालं. २१ नंबरचं रामेश्वर, २९ नंबरचं धुमार लेणं ही त्यातली. धुमार लेण्याची मांडणी घारापुरीशी किती जुळते ते एकदा डोळ्यांनी बघून या. बौद्ध लेणी त्यानंतरची. १५ नंबरचं दशावतार लेणं तर आधी बौद्ध विहार म्हणून हाती घेतलं असावं असं त्याच्या रचनेवरून म्हणतात, आणि त्याच्याच अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. आता यात "आधी हे, मग ते" कुठे बसवणार?

आणि हे नुसतं पुस्तकी खुसपट नाही. "आधी बौद्ध, मग हिंदू" हे वाक्य तुम्ही सहज टाकलंत की मागच्या सीटवरून लगेच "म्हणजे यांनी त्यांना हाकललं" असा आवाज येतो. दुसरा कुणीतरी उसळतो. पुढे खुलताबादला औरंगजेबाची कबर बघायची असते, म्हणजे तेल तयारच! चाळीस माणसांची बस, त्यात दोन गट, आणि जेवायला अजून तासभर. हे भांडण तुमच्या एका "मग"ने लावलेलं असतं.

उपाय साधा आहे. एका कागदावर आडवी रेघ मारा, शतकं लिहा आणि लेण्यांचे नंबर जिथे पडतील तिथे टाका. नंबर उलटसुलट पडलेले दिसले की समजा जमलं. हा कागद स्वतःच्या हाताने करा, कुणाचा ढापू नका. करताना जे अडतं तेच पुढे लोक विचारतात. मी तर बसमध्ये शिक्रापूर सुटलं की हा कागदच सगळ्यांच्या हातात फिरवते. आणि ग्रुप चालता असेल तर अजिंठ्याला सकाळी सगळे एकमध्ये गर्दी करतात तेव्हा सरळ ९-१० गाठते, मग पुढची करत परत एकवर येते. वयस्कर मंडळी असतील तर हा हट्ट करू नका, गुडघ्यांना कालक्रम कळत नाही. त्यांच्यासाठी डोलीची चौकशी खालीच करून ठेवा.

घाबरू नका मात्र. एवढं एक जमलं की बाकी सगळं हळूहळू येतं, आणि चुकलं तरी कुणी फाशी देत नाही.

तयारीला अजिंठ्यापर्यंत जायचीही गरज नाही, हे पुण्यात राहण्याचं भाग्य. लोकल पकडून मळवलीला उतरा आणि भाज्याचा चैत्य बघा. तिथले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार तोलायला खांब असे तिरके लावत. दगडात त्याची काही गरज नाही, तरी कारागिरांचा हात तसाच चालला. मग कार्ल्याला जा. खांब सरळ झालेत, माथ्यावर हत्ती आणि माणसं आलीत, आणि वर छताला मूळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. या दोन चैत्यांपुढे तासभर गप्प बसलात तर अजिंठ्याचं दहा नंबर तुम्हाला आपोआप उलगडेल. आणि जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. ते राष्ट्रकूट काळातलं, आठव्या शतकाच्या आसपासचं मानतात, म्हणजे वेरूळच्या कैलास लेण्याचाच जमाना आणि तसाच काळा बसाल्ट. गोल नंदीमंडप, खाली खोदत नेलेलं अंगण, अर्धवट राहिलेलं काम. रविवारी सकाळी आत्याला नाहीतर मावसभावाला न्या आणि फुकट बोलून दाखवा. आत्या जांभई देते तो मजकूर कापा.

बीबी का मकबऱ्याबद्दल एक वेगळी सूचना. "मुलाने आईसाठी बांधलेला गरिबांचा ताज" हे पाठांतर घेऊन जाऊ नका. दिलरस बानू, म्हणजे औरंगजेबाची बेगम, वारली १६५७ मध्ये. तिच्या मुलाचा, आझमशाहाचा जन्म १६५३ चा. बांधकामाचा काळ मात्र बऱ्याच ठिकाणी १६५१ ते १६६१ असा छापलेला. पुण्याच्या ग्रुपमध्ये हिशेब करणारे काका असतातच. ते चष्मा वर करून विचारतात, "म्हणजे बाई जिवंत असताना कबर सुरू? आणि पोराचा जन्मसुद्धा नाही?" मी आता सरळ सांगते की नाव आझमशाहाचं घेतात, पण १६६० च्या सुमाराला तो सात वर्षांचा होता, तेव्हा तिजोरी आणि हुकूम कुणाचा ते तुम्हीच ठरवा. लोकांना हे आवडतं. शिवाय मुख्य दरवाजावर अताउल्ला या वास्तुकाराचं आणि हंसपत राय या बांधकाम करणाऱ्याचं नाव आहे, ते दाखवा. संगमरवर कुठपर्यंत आहे आणि चुन्याचा गिलावा कुठून सुरू होतो, ती रेघ दाखवा. आत गेल्यावर कबर समोर दिसत नाही, वरून खाली वाकून बघावी लागते, अष्टकोनी जाळीच्या आत. हे आधी सांगितलं नाही तर निम्मी माणसं "आत काहीच नाही" म्हणत बाहेर येतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्सची पीडीएफ तर उघडूच नका, एकाची चूक शंभर जणांच्या तोंडात गेलेली असते. व्हिडिओ बघा, पण ग्रुप काय बघून आलाय हे कळायला बघा. कैलास परग्रहावरच्यांनी कोरला का, हा प्रश्न हमखास येणार. हसू नका. बडोद्याच्या इ.स. ८१२-१३ च्या ताम्रपटाबद्दल सांगा. राष्ट्रकूट कृष्णराजाने बांधलेल्या या मंदिराची त्यात स्तुती आहे. देव थक्क झाले आणि खुद्द शिल्पकारालाही 'हे मी कसं केलं' असं वाटलं. दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला २४ नंबर दाखवा. काम अर्धवट सुटलंय, त्यामुळे कारागीर कसे खोदत येत ते तिथे उघडं पडलंय. माणसांनीच केलंय, आणि दमलीसुद्धा आहेत.

गुरू मिळाला तर भाग्य, पण पारखून घ्या. "मी सांगतो तेच बोल" म्हणणारा नको. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लेण्यांवरच्या रखवालदारांनी. कुठल्या वेळी कुठून उजेड येतो, १ नंबरमध्ये चार हरणांना मिळून एकच डोकं असलेलं शिल्प नेमकं कुठे आहे, १० नंबरच्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेलं नाव इतक्या उंचावर का. (तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं, तो त्या ढिगावर उभा होता.) त्यांच्याशी चहा प्या. दिवाळीला चिवडा न्या.

वेळेचं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणीतरी सोमवारी फर्दापूरला बस उभी करतंच. घृष्णेश्वराचं दर्शन कितीही टाळा, ग्रुप घेणारच. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं हे बसमध्येच सांगा, रांगेत नको. श्रावणात आणि सोमवारी ते देऊळ तुमचा अर्धा दिवस खाईल. दौलताबादला वरपर्यंत जायचं कबूल करण्याआधी ग्रुपचं सरासरी वय विचारा.

राहिला पैसा. पहिली एक-दोन वर्षं यावर घर चालत नाही, आणि पावसाळ्यात तर काहीच नाही. तेव्हा शिकवण्या, भाषांतर, शहरातले वॉक, जे जमेल ते चालू ठेवा. पैठणी आणि हिमरूच्या दुकानांतून कमिशन सुचवलं जाईल. घेणारे घेतात. मी घेत नाही, कारण एकदा घेतलं की दुकानात पाऊण तास आणि कैलासात पंचवीस मिनिटं असा हिशेब सुरू होतो, आणि ग्रुपला तो कळतो. कुणाला साडी हवीच असेल तर शेवटच्या दिवशी बस सुटायच्या आधी मोकळा वेळ द्या, दुकान ज्याचं त्याने शोधावं. त्या तासात तुम्ही जेवून घ्या. बाकी टूरभर तुम्हाला गरम जेवण मिळालेलं नसतं.