पासवर्ड बरोबर आहे, तरी हार्ड डिस्क उघडत नाही?

मी व्हिडिओ एडिटिंग करते, त्यामुळे माझ्या टेबलावर कायम दहा-बारा एक्स्टर्नल हार्ड डिस्क असतात. ओळखीत कुणाची डिस्क अडली की फोन मलाच येतो आणि पहिलं वाक्य बहुधा हेच असतं, "ताई, पासवर्ड अगदी बरोबर आहे हो, पण उघडतच नाहीये." मी सगळ्यांना आधी एकच सांगते. समोर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' असं काही आलं असेल तर त्याला हात लावू नका, 'कॅन्सल' करा.

ज्या कम्प्युटरला डिस्कवरचं कुलूप ओळखता येत नाही, त्याला ती डिस्क कोरी किंवा बिघडलेली वाटते. व्हेराक्रिप्ट या कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरने लॉक केलेली डिस्क विंडोजला लावली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा मेसेज हमखास येतो. मॅकवर एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे आतला डेटा सांकेतिक करून लॉक केलेल्या डिस्कचंही विंडोजवर तसंच होऊ शकतं. डेटा जागच्या जागी असतो, पण घाबरून 'ओके' दाबलं की खरं नुकसान सुरू होतं. म्हणून डिस्क कुठल्या मशीनवर आणि कशाने लॉक केली होती ते आठवा आणि आधी त्याच मशीनला लावून बघा. केबल बदलून पाहा, हबमध्ये न लावता थेट कम्प्युटरच्या पोर्टला लावा. पासवर्डची खिडकीच येत नसेल तर दोष पासवर्डचा नाही.

खिडकी येते पण पासवर्ड चुकीचा सांगते, तेव्हा माझा पहिला संशय कीबोर्डवर. एक मैत्रीण तीन दिवस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसली होती, आणि पासवर्ड तर तिच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. मी नोटपॅड उघडून तिला तोच पासवर्ड तिथे टाइप करायला सांगितला. मध्ये 'ॲट'चं चिन्ह यायला हवं होतं, तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटलं. नव्या लॅपटॉपवर ब्रिटनचा कीबोर्ड निवडलेला होता आणि त्यात या दोन चिन्हांच्या जागा उलट्या असतात. कीबोर्ड अमेरिकेचा केला आणि डिस्क पहिल्या फटक्यात उघडली. ती तिथेच रडायला लागली, आतमध्ये तिच्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते. तेव्हा पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा, मग ती फाइल सेव्ह न करता बंद करा. मराठी कीबोर्ड चालू राहिलाय का, कॅप्स लॉक दाबलेलं आहे का, हेही तिथेच कळतं.

एकामागून एक अंदाज मात्र मारत बसू नका. काही डिस्क 5 चुकांनंतर अडून बसतात, केबल काढून परत लावावी लागते. तेवढं ठीक आहे. पण स्वतःचं नंबरपॅड असलेल्या काही डिस्क ठरावीक चुकांनंतर आतली किल्लीच पुसून टाकतात, आणि मग बरोबर पासवर्ड आठवूनही उपयोग नसतो.

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्याच कुलपाने लॉक केली असेल तर पासवर्ड विसरूनही एक रस्ता उरतो, रिकव्हरी की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी राखीव किल्ली. अनलॉकच्या खिडकीत 'मोअर ऑप्शन्स'मध्ये ती टाकायची सोय असते. ही की 48 अंकी असते, सहा-सहा अंकांचे 8 गट. लॉक करताना विंडोजने ती कुठे ठेवायची असं विचारलेलंच असतं, फक्त आपल्याला ते आठवत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा, जुन्या ईमेलमध्ये आणि कागदांच्या फायलीत शोधा, कम्प्युटरवर 'बिटलॉकर रिकव्हरी की' या नावाने सुरू होणारी टेक्स्ट फाइल धुंडाळा. डिस्क ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉक केली असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारा, बऱ्याचदा की त्यांच्याकडे जमा असते. एकापेक्षा जास्त की सापडल्या तर खिडकीत दिसणारा की आयडी जुळवून घ्या. आणि हाताने लिहून ठेवलेल्या कीमधला 1 आहे की 7 हे कळत नसेल तर त्या सहा अंकी गटाला 11 ने भागून बघा. प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातोच. उरलं काही, तर अंक चुकलाय.

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग. माझ्या एका डिस्कचं यूएसबी सॉकेट ढिलं झालं आणि एक दिवस तुटलंच. मी केस उघडली, डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या केसमध्ये बसवली. नेहमीचा उपाय, याआधी दोनदा जमलेला. या वेळी विंडोजने 'डिस्क इनिशियलाइझ करा' म्हटलं आणि माझे हातपाय गार पडले. आत बाबांच्या आवाजातली सगळी रेकॉर्डिंग होती. कारण नंतर कळलं. काही डिस्कमध्ये एन्क्रिप्शनचं काम केसमधल्या छोट्या हिरव्या बोर्डावरची चिप करते. त्या बोर्डाशिवाय डिस्कवर नुसता गोंधळ दिसतो. अशा काही डिस्कमध्ये तर तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरीही ही चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहिते. नशिबाने तो बोर्ड मी फेकला नव्हता. सोल्डरिंग करणाऱ्याकडून त्यावर नवीन सॉकेट बसवून घेतलं, डिस्क परत त्याच बोर्डाला जोडली, पासवर्डची खिडकी आली, आणि बाबांचा आवाज परत मिळाला. म्हणून कळकळीने सांगते, तुटका बोर्ड कधीही टाकून देऊ नका.

पासवर्डही नाही आणि कीही नाही, असं असेल तर मी खोटी आशा दाखवत नाही. नीट ठेवलेला लांब पासवर्ड फोडून देणारं सॉफ्टवेअर नसतं. असा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका. डिस्क फॉरमॅट करून परत वापरता येईल, आतलं मिळणार नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो 'ऑटो अनलॉक'वाल्यांसाठी. चार वर्षं डिस्क आपोआप उघडत असते, पासवर्ड कधी टाकावाच लागत नाही, आणि कम्प्युटर फॉरमॅट केला त्या दिवशी ती पहिल्यांदा विचारते. तुमची डिस्क आत्ता अशी आपोआप उघडत असेल तर आजच कंट्रोल पॅनेलमधून 'मॅनेज बिटलॉकर' उघडा आणि रिकव्हरी कीचा बॅकअप घ्या. एक प्रत कागदावर छापा, एक मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवा, त्याच डिस्कवर मुळीच ठेवू नका. मग दुसरी डिस्क आणून सगळं कॉपीला लावा. सेकंदाला 100 एमबी वेग मिळाला तर 1 टीबीला जेमतेम तीन तास लागतात. रात्री झोपताना लावलं तर सकाळी झालेलं असतं.