फाटक्या चादरीवर जगलेला मोगरा

मे महिन्यात सोलापुरात कुंडीतलं झाड जगवायचं म्हणजे काय ते इथल्यांनाच माहिती, पारा ४२ च्या वर आणि नळाला पाणी रोज नाही. त्यात चार दिवस लग्नाला गेलो की परत येऊन बघावं तर मोगऱ्याच्या नुसत्या काड्या. दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्याला आईनं माळ्यावरनं आजीची चादर काढली, मोराची नक्षी, मधोमध फाटलेली, पण टाकायला कुणाचाच हात धजत नव्हता.

तिच्याच पट्ट्यांची वात करून, आम्ही गावाला गेलो तरी कुंडीला आपोआप पाणी मिळेल अशी सोय केली. तर करायचं असं. चादर सुती पाहिजे, मिक्स धाग्यात पाणी नीट चढत नाही. फाटक्या बाजूनं तीन बोटं रुंद पट्ट्या काढा (मोराचा काठ आईनं कापू दिला नाही, तो तिच्या उशाखाली आहे). पट्टीला पीळ द्या आणि आधी पूर्ण भिजवून घ्या, हे लई महत्त्वाचं, कोरडी लावली तर बराच वेळ काहीच होत नाही. एक टोक पाण्याच्या भांड्यात तळापर्यंत, दुसरं कुंडीत चार बोटं खोल, मुळांजवळ. भांडं विटेवर ठेवून कुंडीपेक्षा जरा उंच आणि सावलीत, तोंड झाकायचं नाहीतर डास होतात. समईची वात तेल ओढते तसंच हे. जायच्या दोन दिवस आधी ट्रायल घ्या, पाणी भराभर उतरत असेल तर पट्टी बारीक करा.

मातीचं म्हणाल तर आपली काळी माती नुसती नको, वाळली की भेगा पडतात. निम्मी माती, बाकी वाळू नि शेणखत. वर शेंगांची टरफलं पसरा, चटणीच्या गावात ती काय कमी आहेत होय?

भांडं म्हणून आम्ही आजीची पितळी घागर घेतली. चिंच-मीठ लावून घासली तर गळ्यावर कोरलेलं नाव दिसलं, आणि ते आजीचं नव्हतंच! आईला विचारलं तेव्हा कळलं की गिरणी बंद पडली तेव्हा शेजारची बाई मोडीत घालायला निघाली होती, आजीनं पैसे देऊन ठेवून घेतली, सोय झाली की ने म्हणून. ती बाई गाव सोडून गेली ती गेलीच. इतकी वर्षं घरात होती घागर, कधी कुणी वाचलंच नव्हतं. म्हणून जुनं भांडं घासताना घरातलं मोठं माणूस शेजारी बसवा, चहा द्या, घाई करू नका, संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

छाटणी गड्ड्याची यात्रा (संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा) संपली की करा, म्हणजे उन्हाळ्यात फुलं चांगली येतात. छाटलेल्या काड्या टाकू नका, पाच-सहा ओल्या मातीत खोचल्या की दोन तरी लागतात. आमच्या दोन लागल्यात, त्या बाईच्या घरचं कुणी भेटलं तर घागरीबरोबर द्यायला ठेवल्यात.