सुट्टीतली सायकल आणि लपवलेला डबा: आई-बाबांबरोबर बडोद्यात जिओकॅशिंगची सकाळ कशी आखावी

उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्यात मुलांना मोकळेपणाने हिंडता येईल असा वेळ सकाळी सहा ते नऊ एवढाच. त्यानंतर रस्ता भाजायला लागतो आणि दिवस पडदे ओढून घरात जातो. हे तीन तास आई किंवा बाबा आणि मूल अशा दोघांनी मिळून घालवावेत, तेही सायकलवर, यासाठी जिओकॅशिंगसारखा दुसरा खेळ मला माहीत नाही.

जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशावरून लपवलेला डबा शोधणं. जगभरात लोकांनी असे डबे लपवून त्यांचे आकडे जाहीर केलेले आहेत. फोनच्या जीपीएसने तिथवर पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, बेचकी असं काहीबाही होतं. खेळ आजही तसाच चालतो.

काम आधी वाटून घ्या

फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि वाट त्याने शोधायची. पाणी, वेळ आणि रहदारी आई-बाबांनी सांभाळायची. ही वाटणी घरातून निघण्यापूर्वी मोठ्याने बोलून ठरवा, कारण रस्त्यावर गेल्यावर मोठ्या माणसाला राहवत नाही. मूल चुकीच्या गल्लीत वळलं तर वळू द्या. पन्नास मीटर गेल्यावर फोनवरचा दिशा दाखवणारा बाण उलटा फिरेल, मग त्याचं त्यालाच कळेल. 'अरे, इकडे नाही, तिकडे' हे वाक्य त्या सकाळपुरतं घरी ठेवून या. गाडी अंगावर येत असेल तर मात्र मोठ्यांचा शब्द शेवटचा, आणि तिथे चर्चा नाही.

आदल्या संध्याकाळी

दोन्ही सायकली बाहेर काढा. किती हवा भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, त्यापेक्षा जास्त भरू नका. दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा, चाक फिरता कामा नये. चेनला तेलाचे थेंब सोडून जादाचं तेल फडक्याने पुसून काढा. मूल सुट्टीत वाढलेलं असतं, म्हणून सीट पुन्हा बघा: पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.

पिशवीत पेन हवंच. डब्यात वही असते, पेन असेलच असं नाही. शिवाय छोटा टॉर्च, हातपंप, नॅपकिन, ओआरएसची पुडी, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली आणि अदलाबदलीसाठी दोन-तीन चिमुकल्या वस्तू: गोटी, शिट्टी, जुनं नाणं. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची ठेवायची, असा नियम आहे. खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या आणि खारी डबा फोडतात.

फोनवर जिओकॅशिंगचं ॲप घेऊन खातं उघडा, साधं खातं फुकट असतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं, तेव्हा शहराचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

आकडे वाचायला शिकवा

हे घरी, पंख्याखाली करा. बडोद्याच्या जुन्या शहराचा पत्ता साधारण उत्तर २२ अंश १८ मिनिटं आणि पूर्व ७३ अंश १२ मिनिटं. खेळात मिनिटांपुढे दशांश चिन्ह देऊन आणखी तीन आकडे लिहितात, आणि खरी गंमत त्या तीन आकड्यांत आहे. अक्षांशातला शेवटचा आकडा एकाने बदलला तर आपण जमिनीवर सुमारे १.८५ मीटर सरकतो. मधला बदलला तर साडेअठरा मीटर, पहिला बदलला तर १८५ मीटर. रेखांशात ही अंतरं बडोद्याला थोडी कमी भरतात, शेवटच्या आकड्याला साधारण १.७ मीटर, कारण विषुववृत्तापासून उत्तरेला जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येतात.

मुलाला गच्चीवर न्या. ॲपमधले आकडे बघत त्याला उत्तरेकडे दहा पावलं चालू द्या. आकडे बदलताना एकदा स्वतः पाहिले की भूगोलाच्या पुस्तकातल्या आडव्या-उभ्या रेषा पायाखाली आल्यासारख्या वाटतात. आकडे मधेच उड्या मारतील, त्याचंही कारण सांगा. उघड्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण अरुंद गल्लीत उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि चूक वाढते.

डबे थोडेच असतात, तर मोहीम स्वतः आखा

युरोप-अमेरिकेत डबे पावलोपावली सापडतात, आपल्याकडे ते विरळ आहेत. ॲपमध्ये आपल्या भागातला डबा दिसला तर त्याच्या शेवटच्या नोंदी वाचा. बऱ्याच दिवसांत कोणाला सापडलेला नसेल तर पहिल्याच सकाळी त्याच्यामागे लागू नका, मूल हिरमुसेल. प्रत्येक डब्याला अवघडपणाचे आणि वाटेचे एक ते पाच असे गुण दिलेले असतात. सुरुवातीला दोन्ही गुण दोनच्या आत असलेला डबा निवडा.

जवळ एकही डबा नसेल तरी सकाळ वाया जात नाही. खेळात अनेक टप्प्यांचा एक प्रकार आहे, एका ठिकाणचं उत्तर पुढच्या ठिकाणचे आकडे देतं. तो घरच्या घरी आखता येतो, आणि माझ्या मते बडोद्यासाठी तोच सगळ्यात चांगला. काळ्या घोड्यापासून, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या घोड्यावरच्या पुतळ्यापासून निघा, विश्वामित्री नदीचा पूल ओलांडून कीर्तिमंदिर, मग रावपुरा, सूरसागर, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा आणि मांडवी हा जुन्या शहरातला चौकोनी मंडप. अंतर तीनएक किलोमीटर, म्हणजे लहान मुलाच्याही आवाक्यातलं.

प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न ठेवा. सयाजीराव महाराजांच्या घोड्याचे किती पाय जमिनीवर टेकलेत? कीर्तिमंदिराच्या शिखरावर सूर्य-चंद्राबरोबर आणखी काय दिसतं? मांडवीच्या एका बाजूला कमानी किती? मांडवीचं उत्तर तीन. समजा ते 'क' आणि घोड्याचं उत्तर 'ख'. शेवटच्या ठिकाणी उत्तरेचे शेवटचे तीन आकडे '०क२' आणि पूर्वेचे '१ख५' असे लिहून द्या. मधला आकडा एकाने चुकला की मूल सतरा-अठरा मीटर दूर, भलत्याच दारात उभं राहील. म्हणून चिठ्ठीवर क आणि ख यांची बेरीज खाली लिहून ठेवा. बेरीज जुळली नाही तर त्याने परत जाऊन मोजायचं. हे परत जाणं त्याला करू द्या, मोजणी तिथेच पक्की होते.

प्रश्न आणि आकडे आधी स्वतः जागेवर जाऊन तपासा. दरवाजा दुरुस्तीसाठी झाकलेला असू शकतो, घरी बसून ते कळणार नाही.

डबा मात्र सार्वजनिक जागी ठेवू नका. स्टेशन, न्यायालय, देऊळ, सरकारी कचेरी, जुनी वास्तू, यांपैकी कुठेही बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतात आणि पोलिसांना फोन करतात, आणि ते बरोबरच करतात. डबा ओळखीच्या घरी ठेवा. दांडिया बाजारात आत्या राहत असेल तर तिच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनामागे ठेवा आणि तिला पन्हं करून ठेवायला सांगा.

रस्त्यावर

मूल पुढे आणि आपण मागे, किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी आपण दिसतो. चौकात दोघांनीही उतरून सायकली हातात धरायच्या. सहा वाजता रस्ते मोकळे दिसले तरी दुधाच्या आणि भाजीच्या टेम्पोंची ती घाईची वेळ असते, आणि गाय रस्त्याच्या मधोमध बसलेली असू शकते. कुत्री मागे लागली तर पळायचं नाही, उतरायचं आणि सायकल मधे धरून चालत पुढे जायचं.

फोनचा एकच नियम: पाय टेकला की फोन. पॅडल मारताना नजर रस्त्यावर. हँडलवर उन्हात लावलेला फोन तापून बंदही पडतो, त्यापेक्षा तो पिशवीत बरा.

शेवटचे दहा मीटर

फोनवरचं अंतर दहा मीटरच्या खाली आलं की सायकल स्टँडवर लावा. अर्धा मिनिट स्वस्थ उभे राहा, बाण स्थिर होऊ द्या. मग थोडं लांब जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा या आणि बाण कुठे बोट दाखवतोय ते लक्षात ठेवा. तिसऱ्या बाजूनेही तसंच करा. तिन्ही वेळा ज्या जागेकडे बोट जाईल तिथे बघायला लागा आणि फोन खिशात घाला. इथून पुढे डोळेच कामाला येतात.

मुलाला विचारा, 'तू लपवला असतास तर कुठे?' जरा जास्तच नीट रचलेले दगड, झाडाच्या मुळाशी टेकलेली एकटीच फांदी, कठड्याच्या आतली बाजू. डबा जेवणाच्या डब्याएवढा असेल किंवा बोटाच्या पेराएवढासुद्धा. उकरायचं काहीच नाही, डबे पुरून ठेवायला नियमानेच मनाई आहे. बिळात, भिंतीच्या भेगेत, दगडाखाली हात घालायचा नाही. उन्हाळ्यात विंचू आणि साप तिथेच सावलीला बसतात. आधी टॉर्च, मग काठी, मग हात.

विश्वामित्रीच्या काठाला तर उतरायचंच नाही, आकडे तिकडे बोट दाखवत असले तरीही. या नदीत मगरी आहेत आणि उन्हाळ्याचे दिवस त्यांच्या अंड्यांचे-पिल्लांचे असतात, मादी काठ राखून असते. मगरी बघायच्या असतील तर पुलावरून बघा, खूप छान दिसतात.

डबा सापडला की वही मुलाने लिहायची, त्याच्या अक्षरात. ओरडून गर्दी जमवू नका, पुढच्या शोधणाऱ्यासाठी जागा गुप्त राहायला हवी. झाकण घट्ट लावा, पावसाळा जवळ आहे.

ऊन

दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबून चार घोट पाणी, तहान लागो न लागो. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. निघताना केळं किंवा खजूर पुरे, सेव-उसळ परतताना. डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, मळमळलं की शोध तिथेच संपला: सावली, ओला नॅपकिन मानेवर, घोट घोट ओआरएस. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा अंग तापून घाम थांबला तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.

डबा सापडला नाही तरी नऊला घरी. ॲपवर 'सापडला नाही' अशी नोंद करायला विसरू नका. डबा हरवला आहे की काय हे लपवणाऱ्याला त्या नोंदीवरूनच समजतं. पुढच्या रविवारची मोहीम मुलाला आखू द्या, प्रश्न त्याचे, आकडे त्याचे, आणि शोधणारे आई-बाबा. आकडे तपासायला तो आदल्या दिवशी जाईल तेव्हा सोबत जा, पण तो वहीत काय लिहितोय ते बघू नका.