जुन्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागला तर आधी चाकाशी बसा

पावसाळा लागला की आमच्या रत्नागिरी-लांजा-राजापूर पट्ट्यात दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, तो घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा पेटायला लागतो, बहुतेक वेळा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पण सोबत असतोच. माणूस घाबरून गॅरेजला जातो, तिथे कोणीतरी सांगतं की एबीएसचं मोड्यूल, म्हणजे ती चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, गेलं, आणि आकडा ऐकून घाम फुटतो. माझ्या २०११ च्या सेडानला अगदी हेच झालं आणि शेवटी निघाला काय तर चाकाजवळचा चिमूटभर गंज. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्या खाऱ्या वाऱ्यात आणि तांबड्या मातीत बिघाड वरच्या महागड्या डब्यात शोधायच्या आधी खाली चाकाशी शोधायला हवा.

पहिलं म्हणजे दिवा कसा लागलाय ते बघा. शेवाळलेल्या चढावर ॲक्सिलरेटर दिला आणि दिवा भराभर लुकलुकून बंद झाला तर काहीच बिघडलेलं नाही, चाक घसरत होतं आणि सिस्टिम त्याला आवरत होती. सतत पेटलेलाच राहिला तर आधी डॅशबोर्डवरचं ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून बघा, पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) किंवा चिखलात रुतलेली गाडी काढताना ते बंद करावं लागतं (नाहीतर चाक फिरलं की इंजिनचा जोर काढून घेतला जातो आणि गाडी तिथेच बसते) आणि नंतर चालू करायचं राहून जातं.

पिवळ्या दिव्यासोबत लाल ब्रेकचा दिवा पण असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नका. हँडब्रेक खाली आहे ना ते बघा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, आणि दोन्ही ठीक असूनही लाल दिवा तसाच असेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा पण बंद पडलेली असू शकते, अशी गाडी घेऊन आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरायची नाही, टो करून न्या. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात, पण पावसात चाक लॉक झालं तर सोडवणारं कोणी नाही एवढं डोक्यात ठेवून सावकाश चालवा.

इंजिनचा दिवा पण सोबत असेल तर आधी इंजिनचा दोष काढा. ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं तसंच इंजिनचा जोरही कमी करतं, त्यामुळे इंजिनच मिसफायर मारत (एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन नीट जळत नसलेलं) असेल तर कितीतरी गाड्यांत कॉम्प्युटर ते स्वतःहून बंद करतो, इंजिन नीट झालं की हा दिवा पण जातो.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड दाखवतो, आपल्याला हवे असतात एबीएसचे, सी ने सुरू होणारे. त्यामुळे गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा, एबीएसमध्ये जाऊन कोड काढ आणि मला लिहून दे. बऱ्याच याद्यांत सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं, काही कंपन्या स्वतःचे वेगळे नंबर वापरतात. डावं-उजवं गाडीत बसल्यावरचं धरायचं. कोडपेक्षाही कामाची गोष्ट म्हणजे लाइव्ह डेटा, स्कॅनर लावून शेजारी कोणाला तरी बसवा, सरळ रस्त्यावर वीसच्या स्पीडने जा आणि चारही चाकांचे आकडे बघा, तीन चाकं वीस दाखवतायत आणि चौथं शून्यावर पडतंय किंवा उड्या मारतंय, तर तुमचं चाक सापडलं.

ते चाक उचला. पावसात अंगणातली माती मऊ असते, जॅक खाली जातो, म्हणून खाली जाड फळी टाका, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना अडसर लावा, आणि गाडी स्टँडवरच ठेवा. जांभ्याच्या चिऱ्यावर अजिबात टेकवू नका, वजनाने तो अचानक फुटतो आणि आपण खाली असतो.

चाक काढलं की डिस्कच्या मागे एक वायर येऊन बोटभर प्लॅस्टिकच्या तुकड्यात शिरलेली दिसेल, तो चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. आधी वायर बघा, स्टेअरिंग वळवताना ती सारखी वाकते आणि वरून साबूत दिसली तरी आत तुटलेली असते. गाडी मांगरात पेंढ्याजवळ उभी करत असाल तर उंदरांनी कुरतडलेली पण सापडेल. कनेक्टर उघडून बघा, आत हिरवा कळंक चढलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा आणि पूर्ण सुकू द्या. निम्म्या वेळा काम इथेच होतं असं म्हणणार नाही, पण हे फुकटात होतं म्हणून आधी करायचं.

माझ्या गाडीत वायर आणि कनेक्टर दोन्ही चांगले होते. एक खूण मात्र होती, गेटमधून आत येताना अगदी हळू ब्रेक लावला की पायाखाली पेडल थरथरायचं, कोरड्या रस्त्यावर पण. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "अरे बाबा, सेन्सर मेला नाय, गंजानं वर उचललाय त्याला." सेन्सर काढल्यावर ते दिसलं पण. ज्या लोखंडी जागेवर तो बसतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांनी सेन्सरला एका बाजूने उचलून धरलं होतं. टोकाला लोखंडाचा बारीक कीस मिशांसारखा चिकटलेला, कारण टोकात चुंबक असतं. सेन्सर आणि फिरणाऱ्या दातेरी रिंगमधलं अंतर साधारण मिलिमीटरभर असतं, ते वाढलं की हळू वेगात सिग्नल कमजोर पडतो आणि कॉम्प्युटरला वाटतं की हे चाक लॉक झालं, म्हणून ती थरथर.

काढताना पक्कडीने ओढू नका, प्लॅस्टिक तुटून अर्धा तुकडा आत राहतो. बोल्ट सोडवा, गंज सोडवायचा स्प्रे मारा, तो डिस्कवर उडू देऊ नका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत काढा. भोकात कापड कोंबून जागा घासपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, ग्रीसचा पातळ हात द्या. कापड काढल्यावर टॉर्च मारून चाक हाताने फिरवा आणि रिंगचे दाते बघा, तुटलेला दाता किंवा तडा असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सिग्नल एकदा चुकतो.

जुन्या पद्धतीचा दोन वायरींचा कॉइलवाला सेन्सर असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा, साधारण एक-दोन हजार ओहम येतो, दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघा. नंतरच्या ॲक्टिव्ह (आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या) सेन्सरना पण दोनच वायरी असतात आणि त्यांचा ओहम मोजायचा नसतो, त्यामुळे पार्टवाल्याकडून खात्री करून घ्या. असे सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत दाते नसतात, चाकाच्या बेअरिंगच्या एका तोंडावर चुंबकीय पट्टी असते. नवीन बेअरिंग टाकल्यावर लगेच दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का ते पहिलं विचारा, पट्टीचं तोंड सेन्सरकडेच पाहिजे.

चारही चाकांचे आकडे सारखे येत असतील तर मग बाकीचं. कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा, ब्रेक लाइट लागत नसेल किंवा सोडल्यावरही विझत नसेल तर पेडलचा स्विच बदला, स्वस्त असतो. बॅटरीला गाडी बराच वेळ बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. एकाच एक्सलला एक नवा आणि एक घासलेला टायर किंवा वेगळ्या साइझची स्टेपनी नको. अलाइनमेंट केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर दिवा लागला असेल तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि थोडं सरळ चालवा, नाहीच गेला तर स्कॅनरने स्टेअरिंग सेन्सर कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे सरळ स्टेअरिंग कुठे ते त्याला परत शिकवावं लागतं.

काम झाल्यावर उभ्या गाडीत दिवा दिसला म्हणून निराश होऊ नका, कोड क्लिअर करून एक फेरी मारा, बऱ्याच गाड्यांत चाकांचे सिग्नल नीट आल्यावरच तो विझतो. माझा घरापासून शाळेच्या वळणापर्यंत जाईतो विझला. आणि पुळणीवर गाडी गेलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, फक्त प्रेशरचा फवारा सेन्सरच्या कनेक्टरवर सरळ धरू नका.