तिरळेपणाचं ऑपरेशन: मुलाची तारीख घेण्याआधी आणि घरी आणल्यावर

ऑपरेशनने डोळा सरळ होतो, नजर वाढत नाही. म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन (बाहुली मोठी करणारं औषध) डोळ्यात घालून चष्म्याचा नंबर काढून घ्या. प्लस नंबर मोठा असलेली कित्येक मुलं नुसत्या चष्म्याने सरळ बघू लागतात. चष्मा लावूनही जेवढा तिरळेपणा उरतो, ऑपरेशन तेवढ्याचंच. डोळा आळशी, म्हणजे कमी दिसणारा, असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टर सांगतील तितके तास, रोज. ‘तिरळं मूल नशीबवान’ म्हणत थांबू नका. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर आळशी डोळा सुधारणं अवघड जातं.

तिरळेपणा प्रिझमने, म्हणजे डोळ्यासमोर धरलेल्या तिकोनी काचेने, मोजतात आणि आकडाही प्रिझममध्येच सांगतात, दूरचा वेगळा, जवळचा वेगळा. दोन भेटींत आकडा जुळला पाहिजे. मूल कंटाळलं, नीट बघेना, तर आकडा फसतो आणि त्यावर बेतलेलं ऑपरेशनही.

डोळा बाहेर काढत नाहीत. डोळा आत वळत असेल तर पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण उघडून नाकाकडचा स्नायू हुकवर घेतात. तो बुबुळाच्या कडेपासून साधारण ५.५ मिमीवर चिकटलेला असतो. तिथून सोडवून मागे शिवतात. ३० प्रिझमच्या तिरळेपणाला दोन्ही डोळ्यांत साधारण ४.५ मिमी मागे, ५० ला ६ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडतो, म्हणून कॅलिपरने (अंतर मोजायच्या उपकरणाने) मोजूनच टाका घालतात. हुक ओढला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात. तेव्हा ताण सोडायचा, गरज पडली तर भूलतज्ज्ञ अ‍ॅट्रोपिन देतात. टाके विरघळणारे असतात.

उपाशीपोटी म्हणजे ऑपरेशनआधी ६ तास काही खाणं नाही. वरचं दूध आणि आजीने हळूच दिलेलं बिस्कीट हे जेवणच. अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत, साधं पाणी २ तास. पोट भरलेलं निघालं की तारीख पुढे जाते.

पहिल्या दिवशी उलट्या होऊ शकतात. घोटघोट पाणी द्या. डोळ्यातून गुलाबी पाणी एक-दोन दिवस येतं, लाली दोन-तीन आठवडे राहते. आठवडाभर डोक्यावरून पाणी नको, दोन आठवडे पोहणं आणि मातीत खेळणं बंद. पापणीची सूज उतरायच्या ऐवजी चढली, ताप किंवा पू आला, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. डोळा एका बाजूला वळेनासाच झाला तर शिवलेला स्नायू निसटलेला असू शकतो, तेव्हाही थांबू नका.

डोळा कितपत सरळ झाला ते सहा आठवड्यांनी ठरतं. थोडा राहिला किंवा उलट बाजूला गेला तर काहींना दुसरं ऑपरेशन लागतं. चष्मा आणि पट्टी मात्र डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालूच.