ठोकळ्यांवरचे स्टिकर काढताय? या चुका टाळा

दर गणपतीला आमच्या घरी मुंबईहून एकमेकांत बसणाऱ्या, लेगोसारख्या जुन्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची एक तरी पिशवी येते. चाकरमान्यांची मुलं मोठी झाली की त्यांचे ठोकळे वाडीतल्या मुलांसाठी माझ्याकडे जमा होतात. त्यांवर अर्धवट सोललेले स्टिकर असतात, नावाची लेबलं असतात आणि धूळ बसून काळा पडलेला गोंद असतो. साफ करायचा मला कंटाळा नाही. पण कुणीतरी घाईत आधीच नासवलेला ठोकळा हातात आला की जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक नेलपेंट रिमूव्हरची. त्यात बहुतेकदा अ‍ॅसिटोन असतं, आणि हे ठोकळे असतात एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकचे. ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीने १९६३ साली हेच प्लास्टिक घेतलं. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने फायबरच्या होडीचं काम चाललं होतं तिथून वाटीभर अ‍ॅसिटोन आणलं. तिथले कारागीर रेझिनचे ब्रश त्यातच धुतात. त्याने बंबाच्या गाडीचे लाल ठोकळे वाटीत टाकले आणि जेवायला बसला. पान उचलून येतो तर ठोकळ्यांच्या कडा गेलेल्या, वरची बटणं बसलेली, वाटीच्या तळाशी लाल चिकट थर. मी एकाला बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. "काकी, परत घट्ट होतील ना?" झाले घट्ट, पण वेडेवाकडे. एकही दुसऱ्यात बसला नाही. थिनर आणि पेट्रोलही लांबच ठेवा.

माझी पद्धत सावकाशीची आहे. कागदी स्टिकर असेल तर ठोकळा कोमट पाण्यात दहा मिनिटं. कोमट म्हणजे हात सुखाने बुडेल इतकंच, ४० अंशांच्या वर नाही. उकळत्या पाण्याने ठोकळा वाकतो. प्लास्टिकचा स्टिकर असेल तर हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर लांबून. मग नखाने कोपरा उचलायचा आणि स्टिकर त्याच्याच अंगावर दुमडत हळूहळू ओढायचा. सरळ वर खेचलात की कागद फाटतो आणि गोंद तिथेच राहतो.

उरलेल्या गोंदावर खोबरेलाचे दोन थेंब लावून पंधरा मिनिटं थांबते. मग अंगठ्याने एकाच दिशेने चोळायचं. गोंदाच्या बारीक वळकट्या सुटून येतात, तो क्षण मला फार आवडतो. शेवटी भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. रात्रभर तेलात मात्र बुडवून ठेवू नका, एवढा वेळ तेल राहिलं तर प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. "एका मिनिटात निघेल असं काही सांगा" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पंधरा मिनिटं थांबवत नसेल तर स्टिकर राहू द्या.

ब्लेड आणि तारेची घासणी नको, ओरखडे कायमचे राहतात.

चित्र छापलेलं आहे की चिकटवलेलं, ते आधी बघा. नख फिरवल्यावर कड लागली तर स्टिकर. कड नसेल तर ती छपाई आहे, घासलीत तर डोळे-तोंड पुसून जाईल.

वाळवायला कडक उन्हात ठेवू नका, पांढरे ठोकळे पिवळे पडतात. आमच्याकडे भाद्रपदातल्या दमट हवेत आतलं पाणी लवकर सुकत नाही. म्हणून मी ते पंचावर बटणं वर करून पंख्याखाली ठेवते, दुसऱ्या दिवशी उलटे करते आणि आतल्या नळ्या कोरड्या लागल्या की मगच डब्यात भरते.